बावीस दारं

आत्याच्या घरी घरफोडी झाली त्याला आता बरीच वर्षं झाली. चोर महिन्याभरात सापडला, पाटल्या मिळाल्या, कोर्टात अर्ज देऊन सुपुर्दनाम्यावर सोडवूनही आणल्या. सगळे म्हणाले, नशीबवान आहात, इतरांचं काहीच मिळत नाही. तरी आत्या रात्री दोनदा उठून कडी बघायची.

साक्षीच्या तारखेला मी तिच्यासोबत गेले होते. बाकावर तीन तास गेले, मग पुकारा झाला. पिंजऱ्यात तिला विचारलं, या पाटल्या तुमच्याच का? हो. आरोपी चार पावलांवर उभा होता, विशीतलाच पोरगा. उत्तर देऊन झाल्यावर आत्या त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "काय रे, मी घरात एकटी असते हे तुला कुणी सांगितलं?" सरकारी वकील हळूच म्हणाले, "आजी, विचारलं तेवढंच सांगा." त्यांचंही चुकलं नव्हतं. कागदावर खटला महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक असा होता, आणि आत्या त्यातली साक्षीदार क्रमांक एक. तिला हवं असलेलं उत्तर त्या खोलीत एकाच माणसाकडे होतं आणि त्याला ते विचारायची तिथे सोय नव्हती.

पुनर्स्थापक न्याय, म्हणजे रिस्टोरेटिव्ह जस्टिस, याबद्दल मी वाचायला लागले ते या प्रश्नापायी. ज्याचं नुकसान झालं तो आणि ज्याने केलं तो यांना समोरासमोर बसवून काय झालं, त्याची भरपाई कशी व्हायची, हे त्यांच्याच तोंडून ठरवायचं, असा तो विचार. माणसाला माणसासमोर बसवणं जगात नवं नाही. न्यूझीलंडच्या माओरींकडे आणि कॅनडातल्या मूलनिवासींकडे ती जुनी रीत आहे. पण आजच्या फौजदारी कोर्टात या विचाराला पाय टेकायला जागा मिळाली ती कॅनडातल्या एका छोट्या गावातल्या प्रकरणामुळे, असं सर्रास मानलं जातं. ते प्रकरण मला आदर्श म्हणून सांगायचं नाही. त्यात काय साधलं आणि काय राहून गेलं हे दोन्ही त्यात स्वच्छ दिसतं, म्हणून सांगते.

गाव एल्माइरा, ओंटारिओ प्रांतात, किचनर शहराच्या उत्तरेला. मेपलच्या झाडांचा गोड पाक काढणारं, शेतीवाडीचं गाव. आसपास मेनोनाइट पंथाची वस्ती मोठी. हा ख्रिस्ती पंथ शस्त्र हाती धरत नाही, युद्धात जात नाही. त्यातली जुन्या वळणाची कुटुंबं आजही घोड्याच्या बग्गीतून बाजाराला येतात. अशा गावात १९७४ साली एका रात्री दोन पोरांनी धुमाकूळ घातला. एक अठरा वर्षांचा, दुसरा एकोणीस. दारू भरपूर झालेली. हातात सुरी आणि दगड. पहाटे तीनच्या सुमाराला सुरुवात झाली. उभ्या गाड्यांचे टायर फाडले, घरांच्या दर्शनी काचा फोडल्या, बिअरच्या दुकानाची काच फोडली, कुणाची तरी होडी ओढून रस्त्यावर आणून उपडी केली, चर्चचं नुकसान केलं. चौकातला सिग्नलचा दिवाही सोडला नाही. सकाळी गाव उठलं तेव्हा बावीस ठिकाणी मोडतोड झालेली होती.

दोघांपैकी रस केली याने पुढे स्वतःच जाहीरपणे हे सगळं सांगितलं, म्हणून त्याचं नाव घेते. दुसऱ्याचं घेत नाही. केली सहा वर्षांचा असताना वडील गेले, पंधराव्या वर्षी आई गेली. मग भावाकडे राहणं, दारू, नशा. पोलीस दारात आले तेव्हा दोघांनी लपवाछपवी केली नाही. मे १९७४ मध्ये किचनरच्या कोर्टात जाणूनबुजून नुकसान केल्याचे बावीस गुन्हे त्यांनी कबूल केले.

इथपर्यंत काहीच वेगळं नाही. शिक्षेआधी प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं ठेवणं) बघणाऱ्या अधिकाऱ्याने आरोपींची माहिती काढून अहवाल द्यायचा, मग न्यायाधीशांनी शिक्षा सुनवायची. अहवालाचं काम मार्क यांत्झीकडे आलं. तो मेनोनाइट सेंट्रल कमिटीचा कार्यकर्ता होता आणि प्रोबेशन कार्यालयात काम करत होता. त्याच सुमारास संस्थेतल्या मंडळींची एक बैठक झाली. गुन्हेगारीबद्दल आपल्या पंथाने नेमकं काय करावं, एवढाच विषय. यांत्झीच्या तोंडून सहज निघून गेलं की ही पोरं ज्यांचं नुकसान केलं त्यांना जाऊन भेटली तर किती बरं होईल. निघालं आणि त्यानेच ते सोडूनही दिलं. त्याचा सहकारी डेव्ह वर्थ मात्र मागे लागला. नुसतं म्हणतोस काय, न्यायाधीशांना सांग ना.

यांत्झीला भीती वाटली ती साधी, नोकरी करणाऱ्या कुणालाही कळेल अशी. रोज ज्या न्यायाधीशांपुढे उभं राहायचं त्यांना असला प्रस्ताव दिला तर आपल्या पुढच्या अहवालांना कोण विचारणार? कायद्यात असलं काही नव्हतं. तरी त्याने अहवालाला पत्र जोडलं. या तरुणांनी आपल्या हातून ज्यांचं नुकसान झालं त्यांना स्वतः सामोरं जाण्यात काही उपचारासारखा गुण असू शकेल, असा त्याचा आशय. हा 'उपचार' शब्द लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचं आहे.

न्यायाधीश गॉर्डन मॅककॉनेल यांचं पहिलं म्हणणं, असं करणं मला शक्य नाही. पण शिक्षा सुनवायच्या दिवशी त्यांनी निकाल एक महिना पुढे ढकलला. या महिन्यात दोघांनी यांत्झी आणि वर्थबरोबर नुकसान झालेल्यांकडे जावं, किती नुकसान झालं ते समजून घ्यावं आणि मग कोर्टापुढे यावं, असा आदेश दिला. पुढे जे झालं ते सगळं या एका तहकुबीत झालं. आपल्याकडे तारीख पडली की पोटात गोळा येतो. ही तारीख कामाची होती.

मग चौघे निघाले. दार वाजवायचं काम पोरांचं. यांत्झी आणि वर्थ वही घेऊन मागे उभे राहायचे, पुढे होऊन बोलायचे नाहीत. दार उघडलं की सांगायचं, तुमच्या घराची काच फोडली ते आम्ही. माफी मागायची, समोरचा बोलेल ते ऐकून घ्यायचं, किती खर्च आला ते विचारायचं. मग पुढचं दार. गाव सोडून गेलेले वगळता सगळ्यांकडे ते गेले.

केली म्हणतो, आयुष्यात त्याने केलेल्या सगळ्यात अवघड गोष्टींपैकी ही एक. काहींनी माफ केलं. काहींना त्या दोघांना चांगलं बदडून काढावंसं वाटलं. मला यातलं दुसरंही तितकंच महत्त्वाचं वाटतं. अशा भेटींबद्दल लिहिताना लोक घाईने गळाभेटीकडे जातात, डोळे पाणावतात आणि लेख संपतो. एल्माइरातल्या दारांमागे साधी माणसं होती. रविवारी चर्चला जाताना गाडीचे टायर बसलेले पाहिलेल्या माणसाने राग गिळायचं काही कारण नव्हतं. तो राग त्या दोघांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकला, मध्ये वकील नव्हता, खुर्चीवर न्यायाधीश नव्हते. माझ्या मते शिक्षा तिथेच झाली.

आणि एक गोष्ट त्यांना जवळजवळ प्रत्येक दारात सांगावी लागली. आम्ही तुमच्यावर डूख धरून आलो नव्हतो. तुमचंच घर निवडलं असं नाही, रस्त्याने जाताना जे समोर आलं ते फोडलं.

केलीच्या सांगण्यात हे वाक्य येतं तेव्हा मी थांबते. बावीस ठिकाणच्या लोकांनी बावीस वेगवेगळे संशय महिनाभर उराशी धरले असतील. शेजाऱ्याशी बांधावरून झालेलं भांडण, दुकानातून काढून टाकलेला गडी, पोराचे शाळेतले हेवेदावे. छोट्या गावात माणूस आधी ओळखीच्यांवरच संशय घेतो. त्या संशयाला पोलिसांच्या तपासात उत्तर नसतं, कारण तपासाचा प्रश्न 'कोणी केलं' इथे संपतो. 'माझ्याच घरावर का' याचं उत्तर फक्त करणाऱ्याकडे असतं, आणि ते इतकं साधं, इतकं फालतू असू शकतं की ते त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय पटत नाही. आत्याला तेच हवं होतं. तिच्या चोराला कामवालीने सांगितलं, समोरच्या टपरीवाल्याने सांगितलं, की त्याने नुसतं अंगणातलं एकच लुगडं वाळताना पाहिलं? शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ती कामवाली मात्र आत्याच्या मनातून उतरली ती उतरलीच. तिचा काही दोष असल्याचं कधीच पुढे आलं नाही.

आता पैशाचं. सगळं मिळून नुकसान २,१८९ डॉलरचं निघालं. त्यातले सुमारे १,०६५ विम्यातून मिळाले होते. उरलेले लोकांच्या खिशातून गेलेले. कोर्टाने दोघांना प्रत्येकी २०० डॉलर दंड केला, १८ महिने प्रोबेशनवर ठेवलं आणि त्याची अट म्हणून प्रत्येकी ५५० डॉलरपर्यंत भरपाई द्यायला सांगितलं. दोघांचे मिळून ११०० होतात, म्हणजे विमा वजा जाता उरलेल्या रकमेच्या जवळपास. हा आकडा कोर्टाच्या अंदाजातून आला नव्हता. दारोदार फिरून, मागे उभ्या असलेल्या दोन वह्यांमध्ये उतरवून आणलेला तो हिशोब होता. काही महिन्यांनी दोघे पुन्हा त्याच दारांवर गेले, या वेळी बँकेने प्रमाणित केलेले चेक घेऊन. भरपाई कोर्टातल्या खिडकीवर भरता आली असती. हातात नेऊन दिली म्हणून पैसे घेणाऱ्याला तो पोरगा दुसऱ्यांदा पाहता आला, शुद्धीत, दिवसाउजेडी.

पण या प्रकरणात खोट आहे आणि ती झाकून चालणार नाही. दार वाजण्याआधी घरातल्या माणसाला कुणी नीट विचारलं नव्हतं की तुम्हाला ही भेट हवी आहे का. यांत्झी आणि वर्थ यांनीही पुढे मान्य केलं की त्यांची पद्धत निष्ठुरच होती. थेट पायऱ्या चढून दार ठोठवायचं, बस. ज्या बाईला त्या रात्रीपासून झोप नाही तिच्या दारात तेच दोघे पुन्हा उभे राहतात, याचा तिला काय धक्का बसेल याचा विचार झालेला दिसत नाही. पत्रातला तो 'उपचार' शब्द इथे आठवतो. उपचार कुणावर? पोरांवर. सगळी योजना आरोपी सुधारावेत म्हणून आखलेली होती आणि ज्यांचं नुकसान झालं ते त्या उपचाराचं औषध झाले. त्यांनाही काही मिळालं हे खरं, पण ते आपसूक मिळालं, ठरवून नव्हे.

पुढे ही पद्धत रुजली तसतशी ही चूक सुधारत गेली. मध्यस्थ आधी दोघांना वेगवेगळं भेटतो, एकदा नव्हे, लागेल तितक्या वेळा. नुकसान झालेल्याने नाही म्हटलं तर विषय संपला. करणाऱ्याने गुन्हा कबूल केलेला असलाच पाहिजे, कारण खरं-खोटं ठरवायची ही जागा नाही. कुठे बसायचं, आधी कोण बोलणार, सोबत कोण असेल, हे ज्याला दुखापत झाली तो ठरवतो. घरातल्या मारहाणीसारख्या गुन्ह्यात, जिथे भीती रोज शेजारी झोपते, तिथे फार जपून, पुष्कळदा नाहीच.

प्रसाराचं थोडक्यात सांगते. किचनरमध्ये यातूनच नियमित उपक्रम उभा राहिला. १९७८ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला तसाच सुरू झाला. न्यूझीलंडने १९८९ मध्ये अल्पवयीनांसाठी कुटुंबासह बैठक कायद्यातच आणली, तीही माओरींच्या आग्रहातून. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेने याची मूलतत्त्वं मंजूर केली. ब्रिटनमध्ये जोआना शॅपलँड यांच्या गटाने सरकारसाठी केलेल्या दीर्घ अभ्यासात अशा भेटीला बसलेल्या पीडितांपैकी ८५ टक्के समाधानी आढळले.

रस केली गाव सोडून गेला. आपण तेच, हे त्याने फारसं कुणाला सांगितलं नाही. अठ्ठावीस वर्षांनी, मोठ्या वयात, तो कायदा आणि सुरक्षा या विषयाचा अभ्यास करायला कॉलेजात दाखल झाला आणि तिथे त्याच्यापुढे एल्माइराचं प्रकरण शिकवायला आलं. जगभर ज्याचा दाखला देतात ते प्रकरण म्हणजे आपली ती रात्र, हे त्याला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. घरी जाऊन बायकोशी बोलला, मग किचनरमध्ये त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या संस्थेत गेला आणि म्हणाला, त्या दोघांतला एक मी. त्यानंतर तो तिथे मध्यस्थ म्हणून काम करू लागला. ज्याने एकेकाळी दार वाजवलं होतं तोच आता दार वाजवणाऱ्याला तयार करू लागला. या माणसाच्या बाबतीत यांत्झीचा उपचार लागू पडला, हे मात्र कबूल करायला हवं.

आपल्याकडे हे होईल का, असं मी वकील मित्रांना विचारते तेव्हा पहिलं उत्तर मॅककॉनेल यांचंच मिळतं. कायद्यात नाही. मला ते पटत नाही. १९५८चा अपराधी परिविक्षा अधिनियम काढून बघा. परिविक्षा म्हणजे प्रोबेशनच. कलम ४ खाली कोर्ट शिक्षा न देता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडू शकतं, त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवू शकतं, आणि कलम ५ खाली नुकसानभरपाई द्यायला लावू शकतं. एल्माइरात वापरलेली हत्यारं हीच होती. अहवाल, प्रोबेशन, भरपाई. २००६ पासून आपल्याकडे प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घ्यायची सोय, आहे, त्यात तर पीडित आणि आरोपी यांनी एकत्र बसून दोघांना मान्य असा तोडगा काढायचा असंच लिहिलं आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे त्यात येतात, स्त्रिया आणि लहान मुलांवरचे येत नाहीत. पण प्रत्यक्षात ते फारसं वापरलं जात नाही, आणि जिथे वापरतात तिथे चर्चा शिक्षा किती कमी होईल याचीच होते.

माझी खरी काळजी कायद्याची नाही, आपल्या सवयीची आहे. आपल्याला 'समोरासमोर बसवणं' म्हटलं की 'मिटवणं' ऐकू येतं. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगाव समित्या झाल्या, बक्षिसं मिळाली. बांधाचे, वाटेचे, पाण्याचे कितीतरी तंटे खरोखर सुटले आणि लोकांचे कोर्टाचे हेलपाटे वाचले, हे नाकारू नये. पण गावात कमजोर कोण असतो ते आपल्याला माहीत आहे. विधवा, दलित वस्तीतला मजूर, बाहेरून आलेलं कुटुंब. पारावर पाच मोठ्या माणसांत बसवून "जाऊ दे बाई, गावात राहायचंय ना" असं म्हटलं की तिला नाही म्हणता येत नाही. मिटवामिटवीत ज्याने केलं तो कबूल करत नाही आणि जिला सोसावं लागलं ती गप्प बसते. पुनर्स्थापक न्यायाची पहिली पायरी बरोबर याच्या उलट असते. त्याने 'मी केलं' म्हणायचं, आणि तिने हवं ते विचारायचं, वाटलं तर उठून जायचं. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्या हाती ही पद्धत देऊ नये, असं मी स्पष्ट म्हणेन.

मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातात दोन जीव गेले आणि अल्पवयीन चालकाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली, तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला. त्या अपघाताला एल्माइराचं माप लावा असं मी म्हणत नाही. पण तो निबंध वाचणार कोण होतं? ज्या दोन घरांतली तरुण माणसं गेली त्यांच्याशी त्या अटीचा काही संबंधच नव्हता. माझ्या मते लोकांच्या रागात हेही होतं.

जिल्ह्याच्या परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मी पाहिलेला आहे. आरोपीचं घर, शिक्षण, संगत, शेजाऱ्यांचं मत, पूर्वीचे गुन्हे. जबाबदारीने लिहिलेला होता. त्यात फिर्यादीचं नाव एकदा, गुन्ह्याच्या हकिकतीत आलं होतं. तिला जाऊन भेटलं पाहिजे, तिला काय विचारायचं आहे ते नोंदवलं पाहिजे, असं त्या नमुन्यात कुठे म्हटलेलं नव्हतं.

आत्याला मी एकदा विचारलं होतं, तो पोरगा समोर येऊन बसला असता तर काय केलं असतंस? मला वाटलं, म्हातारी म्हणेल त्याला दोन घास खाऊ घातले असते. ती म्हणाली, "आधी कुणी सांगितलं ते काढून घेतलं असतं. मग आरशाचे पैसे मागितले असते." कसला आरसा, मला आठवेना. कपाटाचं दार उचकटताना आतला आरसा तडकला होता. माझ्या आजोबांनी तिला लग्नात दिलेलं कपाट होतं ते. पंचनाम्यात पाटल्यांचं वजन ग्रॅमपर्यंत लिहिलेलं होतं. आरसा लिहिलेला नव्हता.